वायूवाहू जहाजे आपल्या गोदीत कधी?

दाभोळच्या टर्मिनलकडे द्रवरूप नैसर्गिक वायू घेऊन येणारी अवाढव्य जहाजे आम्ही गुहागरकर किनाऱ्यावरून पाहतो. त्यातले एकही भारतात बांधलेले नसते. 2014 साली ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने अमेरिकेतून वायू आणण्यासाठी नऊ जहाजांची निविदा काढली, त्यातली तीन इथे बांधायची अट होती. मुदतवाढीवर मुदतवाढ देऊनही ते घडले नाही. कोरियात उल्सान आणि गोजेच्या गोद्यांतून मात्र अशी जहाजे एकामागून एक बाहेर पडतात.

मी मुंबईच्या गोदीत वेल्डर होतो, म्हणून खरी मेख कुठे आहे ते सांगतो. हा वायू उणे 162 अंशांवर ठेवावा लागतो. काही जहाजांत टाकीला आतून इन्व्हार या निकेलयुक्त पोलादाचा जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीचा पत्रा लावतात. बोटांचा घाम लागला तरी त्याला गंज धरतो, म्हणून हातमोज्याशिवाय कुणी शिवत नाही. त्यात एकाही जोडातून गळती चालत नाही. असा हात बसायला वर्षे जातात. ऑर्डर आल्यावर माणसे शोधण्यापेक्षा रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये हे वेल्डिंग याच वर्षी शिकवायला घ्या. शिकवायला मी यायला तयार आहे.

– एक निवृत्त वेल्डर, गुहागर