साहेब, आमच्या प्रशालेची नववी-दहावी तोडू नका

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेचा माजी विद्यार्थी. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या सरांना त्रास नको. पट कमी झालाय, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवायच्या) जीआरनं शिक्षकांची पदं जाणार, मग नववी-दहावीची पोरं तालुक्याला धाडायची असं गावात बोलतायत, म्हणून हे पत्र.

साहेब, निजामाच्या राज्यात हायस्कूलचं शिक्षण उर्दूतून, आणि तेही मोठ्या गावात, खेड्यातल्या पोरानं जायचं कुठं? म्हणून तर १९२१ ला हिप्परग्याला लोकांनी आपली राष्ट्रीय शाळा काढली. स्वामी रामानंद तीर्थ आधी तिथं मुख्याध्यापक होते, नंतर अंबाजोगाईच्या शाळेत, आणि मग निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात. आमच्याकडं शाळा काढणं हा लढ्याचाच भाग होता. पुढं १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. आमच्या प्रशालेच्या जुन्या खोल्यांचा दगड गावच्या बैलगाड्यांनी आणला, माझी आजी बांधकामाला डोक्यावरून पाणी न्यायची आणि तिला स्वतःला सही येत नव्हती. हे कुठल्याच फायलीत नाही.

फायलीत जे आहे तेही कमी नाही. ऑफिसच्या लोखंडी कपाटात दाखल-खारीजची, म्हणजे कोण पोरगं कधी शाळेत आलं-गेलं त्याची, जुनी रजिस्टरं आहेत, सुरुवातीची पानं उर्दूत. २०२३ ला मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारच्या शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा मराठवाड्यातल्या शाळाशाळांतून अशी रजिस्टरं तपासली गेली, आमच्याकडं तर म्हातारी माणसं नुसतं बापाचं नाव बघायला यायची, एकजण पानावर हात ठेवून किती वेळ तसाच उभा होता. वर्ग गेले, उद्या शाळाच गेली तर ते कपाट कुणाच्या गोदामात पडणार?

आणि मुलींचं काय. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) आठवीला संपतो, म्हणजे नववीपासून शाळा जवळ असावी हा हक्कच उरत नाही. मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेची बस आहे, पास फुकट आहे, मान्य, पण पावसात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडूनच माघारी फिरते आणि चार दिवस बुडाले की घरचे म्हणतात राहू दे आता. माझ्या वर्गातल्या मुली दहावी झाल्या कारण शाळा चालत जाण्याएवढ्या अंतरावर होती, दुसरं काही कारण नाही.

तर मागणी एवढीच की जिथं जवळ दुसरं हायस्कूल नाही तिथं पट न बघता गणित-विज्ञानाला एक आणि भाषेला एक असे किमान दोन शिक्षक ठेवा. आणि रजिस्टरं स्कॅन करा, पण मूळ प्रत गावातच राहू द्या.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आमच्या पटांगणात असतं. या साहेब, कपाट उघडून दाखवतो.

आपला,
एक माजी विद्यार्थी