सांगलीच्या त्या स्वयंसेवक बंधूंना

स. न. वि. वि.

गेल्या रंगभूमी दिनी विष्णुदास भावे नाट्यमंदिरात आपण ज्या वृद्ध गृहस्थांशेजारी बसलात, ते माझे वडील. गर्दीत आपले नाव कळले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आप्पांनी उमेदीची वर्षे जळगावच्या हौशी रंगभूमीला दिली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले. त्याचे स्मरण म्हणून ५ नोव्हेंबरला दिले जाणारे भावे गौरवपदक हा त्यांच्या लेखी नटाचा सर्वांत मोठा सन्मान आहे. पहिले पदक बालगंधर्वांना मिळाले आणि त्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला, हे ते आजही अभिमानाने सांगतात. तो सोहळा एकदा पाहावा, ही त्यांची जुनी इच्छा होती.

आप्पांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. आमच्याच जिल्ह्यातील एका नाट्यसोहळ्यात मी त्यांच्यासाठी पुढची खुर्ची मागितली, तेव्हा “ऐकू येत नाही, तर आणता कशाला?” असे उत्तर मिळाले होते, आणि ते देणारे स्वतःला रंगकर्मी म्हणवत होते. आप्पांना शब्द कळले नाहीत, माझा चेहरा मात्र कळला. त्यानंतर ते नाट्यगृहाची पायरी चढले नव्हते.

आपल्याकडे तर मी काही मागितलेही नव्हते. सत्कारमूर्ती बोलू लागले, आप्पा कानामागे हात धरून पुढे वाकले, आणि ते पाहून आपण निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत भाषण लिहायला घेतलेत. पत्रिका भरली तेव्हा शेजारच्यांकडून दुसरी मागून घेतलीत. सभागृह हसले की त्याचे कारण आप्पांना लगेच कळावे, अशी आपली धडपड चालली होती. त्यामुळेच कितीतरी वर्षांनी ते चारचौघांबरोबर, क्षणभर उशिरा का होईना, मनापासून हसले. आपण स्वतः मात्र मान वर करून मंचाकडे फारसे पाहिलेही नाही. रंगभूमीवर प्रेम असल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण प्रेक्षागृहातल्या अनोळखी म्हाताऱ्यासाठी समोरचा सोहळा सोडून देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या पत्रिका आप्पांनी जपून ठेवल्या आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते त्या वाचून दाखवतात. शेवटच्या दोन ओळींचे अक्षर घाईमुळे लागत नाही, तेव्हा हिवाळ्यात भरीत-भाकरी खायला जळगावला यावे आणि त्या ओळी वाचून द्याव्यात, अशी त्यांची आग्रहाची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
आप्पांची मुलगी, जळगाव