तक्रार: रंगावर आवळलेली अर्थिंगची वायर आणि "चप्पल घालून काम करा" हा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या सेवा केंद्राला केलेला फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून लिहितो आहे.

मशीन तुम्हीच बनवलेलं आहे, त्याची माहिती तुम्हाला देत बसत नाही. दीड किलोवॅटच्या स्पिंडलचं, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरचं, सीएनसी मिलिंग (संगणकाच्या हुकमाने कापणारं मशीन), फेब्रुवारीत घेतलेलं. सोलापुरात पूर्व भागात घरामागच्या खोलीत बसवलं आहे. टॉवेलच्या मागांना लागणारे नायलॉनचे आणि ॲल्युमिनियमचे सुटे भाग मी त्यावर करतो. घर त्यावर चालतं.

पहिल्या आठवड्यापासून दोन त्रास आहेत. टेबलाला ओझरता हात लागला तरी झिणझिण्या येतात. आणि स्पिंडलने वेग घेतला की लिमिट स्विचचा (टेबल टोकाला पोचलं की मशीन थांबवणाऱ्या स्विचचा) अलार्म वाजून जॉब मध्येच थांबतो, टेबल त्या स्विचपासून वीतभर लांब असतानाही. ॲल्युमिनियमच्या तीन प्लेटा अशा वाया गेल्या.

तुमच्या माणसांनी आधी सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला लावलं. टाकलं. मग यूएसबी केबल बदलायला लावली. बदलली. मग म्हणाले, घरचं अर्थिंग तपासा. वायरमन बोलावला. त्याने फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावताच आमचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, खटकन पडला. म्हणजे सॉकेटपर्यंत घरचं अर्थिंग पोचतं, तुटलेलं नाही. हे कळवलं, त्यावर उत्तर आलं नाही.

१२ एप्रिलला सकाळी माझी आई अनवाणी शहाबादी फरशी पुसत होती. उठताना आधाराला तिने मशीनचा पाय धरला आणि ओरडून हात मागे घेतला. ती ६८ वर्षांची आहे. स्पिंडल बंद होता, नुसता कंट्रोल बॉक्स सुरू होता.

त्याच दिवशी मल्टिमीटर लावला. मशीनचं अंग आणि सॉकेटमधली अर्थ यांच्यात १०८ व्होल्ट. प्लग काढून त्याची अर्थची पिन आणि मशीनचं अंग तपासलं, मीटर वाजेना. बॉक्स उघडला. हिरवी-पिवळी वायर आहे, तिच्या टोकाला लग (धातूची कडी) आहे, नट घट्ट आवळलेला आहे. पण लगाखाली काळ्या पावडर कोटिंगचा थर जसाच्या तसा! बोल्टच्या आट्यांतसुद्धा रंग. वायर रंगाला जोडली आहे, पत्र्याला नाही. मी नट काढला, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घालून परत आवळलं. मीटरवर ०.३ ओम आले. झिणझिण्या त्या क्षणी गेल्या.

पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अंगाला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर अंगावर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट दिसतात, हे तुमच्या इंजिनिअरला मी सांगायला नको. एवढ्याने झिणझिण्याच येतात. पण उद्या आत फेजची वायर घासून पत्र्याला टेकली असती तर? करंटला अर्थचा रस्ताच नाही, म्हणून एमसीबी पडला नसता. आरसीसीबी पडला असता तोही कुणाच्या तरी अंगातून करंट गेल्यावर.

अलार्म कमी झाला, थांबला नाही. स्पिंडलच्या प्लगमधली चौथी पिन अर्थची. ती स्पिंडलच्या अंगाला जोडलेलीच नाही. स्पिंडलच्या केबलची जाळी बॉक्समध्ये कापून मोकळी सोडली आहे, आणि लिमिट स्विचच्या बारीक वायरी त्याच केबल चेनमधून तिला चिकटून जातात. स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा, व्हीएफडीचा, विजेचा नॉईज त्या वायरींत शिरतो, दुसरं काही नाही.

आता आजचा फोन. २२ मिनिटं थांबवून ठेवल्यावर तुमच्या माणसाने विचारलं, "सर, मशीनवर काम करताना चप्पल घालता का?"

म्हटलं, घरात आहे, नाही घालत.

"मग करंट लागणारच ना सर. चप्पल घाला, खाली रबरी मॅट टाका."

म्हटलं, अहो, अर्थिंगची वायर रंगावर बसवली आहे, फोटो पाठवलाय, तो बघा.

"फोटो माझ्याकडे ओपन होत नाही सर. आणि गावाकडे लाईटच तशी असते. पुण्यातून अशी एकही कंप्लेंट नाही."

मी आईचं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनाही चप्पल घालायला सांगा." वर, बॉक्स उघडला म्हणजे वॉरंटी संपली, तसं मी नोंदवतो, असं म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांत मोबाईलवर मेसेज आला: आमच्या सेवेला किती तारे द्याल?

गावाकडे म्हणे! या शहरात १८७७ साली कापडगिरणी उभी राहिली. आमच्या गल्लीतला चौथी शिकलेला फिटरही मोटरला अर्थ जोडण्याआधी पत्रा खरवडतो. तुमच्या कारखान्यात ते कुणी केलं नाही, आणि करंट लागला म्हणून माझ्या आईला चप्पल घालायला सांगता?

स्वस्तातली मशीनं बाजारात होती. तुमचं घेतलं ते देशात सेवा मिळेल म्हणून, दोन वर्षं पैसे साठवून. तो विश्वास आज राहिला नाही.

पंधरा दिवसांत तुमचा तंत्रज्ञ इथे यावा, स्पिंडलची केबल बदलावी, लिमिटच्या वायरी वेगळ्या काढाव्यात, तीन प्लेटांची भरपाई द्यावी आणि वॉरंटी कायम असल्याचं लेखी द्यावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, असा रंगवलेला बॉक्स ज्यांच्या घरी गेला आहे त्या प्रत्येकाला तुम्ही स्वतः फोन करा. त्यांच्याही घरात कुणी अनवाणी वावरत असेल.

हे झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सोलापूरच्याच जिल्हा आयोगात दावा लावीन. धंद्यासाठी घेतलं म्हणून मी ग्राहक नाही, असं म्हणू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात बसते. लगाखालच्या रंगाचे फोटो आणि मीटरचे आकडे सोबत पुन्हा जोडले आहेत. या वेळी ते उघडणाऱ्या माणसाकडे द्या.

तोवर मशीनचा प्लग काढून ठेवला आहे. आई अजूनही त्या खोलीत पुसायला जात नाही.

तुमचा ग्राहक,
पूर्व भाग, सोलापूर