पत्रकारिता पदवीच्या अहवालातील आकड्यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : सशुल्क अहवाल दुरुस्त करून देण्याबाबत, अन्यथा शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

पत्रकारिता पदवीचा खर्च, नोकऱ्या आणि पगार यांवरचा आपला अहवाल आम्ही विकत घेतला. आम्ही वृत्तसंपादन आणि अध्यापन करणारे आहोत. हा अहवाल विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगा नाही.

नोकरीची टक्केवारी मोठ्या अक्षरांत छापली आहे, पण प्रश्नावली किती जणांनी भरून दिली ते कुठेच नाही. साठ जणांच्या वर्गातून वीस उत्तरे आली आणि त्यांतले अठरा कामाला असले, तर ते ९० टक्के त्या वीस जणांचे; वर्गाचे नव्हेत. बेकार असलेले अशी प्रश्नावली कमी प्रमाणात भरतात, म्हणून आकडा बहुधा फुगलेला येतो. शिवाय जनसंपर्क, जाहिरातलेखन, विनावेतन इंटर्नशिप आणि बातमीमागे मानधन हे सगळे ‘माध्यमात रुजू’ या एकाच रकान्यात कोंबले आहे. जनसंपर्कात कमीपणा नाही, पण ते वार्तांकन नव्हे.

पगाराची फक्त सरासरी दिली आहे. दहापैकी नऊ जणांचा पगार सारखा आणि एखाद्या नावाजलेल्या अँकरचा त्याच्या सहापट असेल, तर सरासरी थेट दीडपट दिसते. मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, द्या, आणि तोही पदवीनंतर किती वर्षांनी मोजला ते सांगून. मुक्त पत्रकारांचे उत्पन्न तर प्रवास, उपकरणे, कर वजा न करताच छापले आहे.

खर्च म्हणून निव्वळ शिकवणी शुल्क आहे. माइक, ट्रायपॉड, व्हिडिओ संपादन पेलणारा लॅपटॉप, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरची वर्गणी यांचा उल्लेख नाही. पत्रकारिता विभाग कॅमेरे देतो म्हणावे, तर किती विद्यार्थ्यांमागे एक? प्रकल्प जमा करण्याच्या आठवड्यात सगळ्यांना तो एकदमच लागतो. विनावेतन इंटर्नशिपसाठी परक्या शहरात राहायचा खर्च कित्येकांना उपकरणांपेक्षा जड जातो. अहवालात त्यावर एक ओळ नाही.

जाता जाता : अहवालात अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय पहिले म्हटले आहे; ते पहिले नव्हे. तिथल्याच मिसुरी विद्यापीठाचे १९०८ साली सुरू झाले, कोलंबियाचे १९१२ साली. पडताळणी शिकवणाऱ्या विषयावरच्या अहवालात ही चूक शोभत नाही.

प्रतिसादसंख्या, कामाच्या प्रकारानुसार विभागणी, मध्यक आणि पूर्ण खर्च असलेला सुधारित अहवाल १५ दिवसांत पाठवावा, अन्यथा शुल्क परत करावे. पावती आणि खुणा केलेली पाने सोबत जोडली आहेत.

आपले,
तक्रारदार ग्राहक