गुंतवणूक कसली हो, नाद आहे तो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या रविवार पुरवणीत छंदांवर एक लेख आला होता, खेळाडूंची कार्डं, बूट, जर्सी असलं जमवून ठेवलं की पाच-दहा वर्षांनी कसा भाव येतो, म्हणजे छंदाचा छंद आणि गुंतवणुकीची गुंतवणूक, असं काहीतरी. आईने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, तुझं अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं." आता तिला काय सांगू, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. २०१५ पासून टोकियोत निशिकासाईला राहतो, सॉफ्टवेअरचं काम. निशिकासाई म्हणजे इथली आपल्या लोकांची वस्ती, कढीपत्त्यापासून सगळं मिळतं. आता कंपनीने परत पुण्याला बोलावलंय आणि माणशी २३ किलोच्या दोन बॅगा एवढंच सामान नेता येणार, तर गेले दोन आठवडे मी माझा संग्रह जमिनीवर पसरून बसलोय. जपानी प्रो-रेसलिंगचा, इकडे त्याला पुरोरेसु म्हणतात. टी-शर्ट ३१, गळ्यात घालायचे लांबट टॉवेल १९, मुखवटे ४, सहीवाले फोटो किती ते मोजायचं सोडून दिलं, आणि जुन्या 'शूकान पुरोरेसु' साप्ताहिकाचा एक गठ्ठा, जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून उचललेला. जपानी मला बोलण्यापुरती येते, वाचायची म्हटलं की बोंब, तरी घेतलेत.

सुरुवात कुठनं झाली तर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांपासून. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, उंची वजन छाती रँक, सगळं पाठ. आजोबा मात्र खासबागेतल्या मातीवरच्या कुस्तीतले, ते टीव्ही बघून म्हणायचे, "हे खोटं आहे रे, मिलीभगत आहे." बरोबरच होतं त्यांचं, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, इथेही तसंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण निकाल ठरलेला असला तरी आपटणं ठरवून मऊ होत नाही ना. मी इथे येऊन पहिल्यांदा कोराकुएन हॉलमध्ये बसलो तेव्हा छातीवर पडलेल्या थपडेचा आवाज ऐकून माझ्या शेजारची आजी दचकली नाही, मी दचकलो.

कोराकुएन हॉल म्हणजे या लोकांचं खासबाग समजा. टोकियो डोमच्या बाजूलाच, एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, दोन हजारसुद्धा माणसं मावत नाहीत. लिफ्टला गर्दी असली की जिन्याने जायचं, आणि त्या जिन्याच्या भिंती वरपासून खालपर्यंत चाहत्यांनी लिहून भरवलेल्या, आपल्याकडे गडावर लिहितात तसं, पण इथे ते वाचत वाचत वर जायला बरं वाटतं. आत बसलं की लोक आपापल्या पैलवानाच्या रंगाच्या कागदी फिती फेकतात. फेकायच्या आधी फितीच्या मधली पुठ्ठ्याची नळी काढून टाकायची, नाहीतर ती जाऊन त्याच्याच डोक्यात बसते. हे मला एका अनोळखी काकांनी शिकवलं, माझ्या हातातनं बंडल घेऊन नळी काढून परत दिलं, एक शब्द न बोलता.

आता वस्तूंचं. न्यू जपान ही इथली सगळ्यात मोठी कंपनी, १९७२ मध्ये अंतोनिओ इनोकी या पैलवानाने काढलेली. २०१२ मध्ये ती बुशिरोडने घेतली आणि बुशिरोडचा मूळ धंदा ट्रेडिंग कार्डांचा, त्यामुळे माणसाला जमवायचा नाद कसा लावायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. प्रत्येकाचा टी-शर्ट, प्रत्येकाचा टॉवेल, गट बदलला की नवा टॉवेल. नाइतो म्हणून एक पैलवान, त्याच्या गटाची टोपी तर एकेकाळी हॉलमध्ये दर तिसऱ्या डोक्यावर, माझ्याही. २०२५ मध्ये नाइतो कंपनी सोडून गेला, टोपी माझ्याकडे राहिली. ओकादा हा दुसरा पैलवान रिंगणात यायचा तेव्हा वरनं त्याचं तोंड छापलेल्या खोट्या डॉलरच्या नोटा पडायच्या, लोक लहान पोरांसारखे वाकून वेचायचे, मीही वेचल्या. त्यातली एक सुट्टीत घरी नेली होती तर आईने ती दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बाकीच्या नोटांबरोबर मांडली, परदेशी चलन म्हणून. ओकादा २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कंपनीत गेला. नोट अजून देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही.

इथवर सगळं गमतीचं. पण मुखवट्यावरून एकदा माझं डोकं ठिकाणावर आलं. जुशिन लायगर या मुखवटा घालून लढणाऱ्या पैलवानाचा मुखवटा, तोच तो शिंगांवाला, एका ऑनलाइन विक्रेत्याने "सामन्यात प्रत्यक्ष घातलेला" म्हणून टाकला होता. ३८ हजार येन. बायकोला १८ सांगितले. आल्यावर तो घेऊन मी एका जुन्या दुकानात दाखवायला गेलो, तिथले आजोबा सत्तरीचे, मी भारतीय म्हटल्यावर आधी पाच मिनिटं टायगर जीत सिंगवर गेली. तो पैलवान आपला पंजाबी, कॅनडाचा, १९७३ मध्ये शिंजुकूला इसेतान दुकानाबाहेर त्याने भर रस्त्यात इनोकीला बडवला, ती गोष्ट त्या पिढीला अजून पाठ आहे, आणि इथे त्याला "जेत्तो शिन" म्हणतात, जेट विमानातलं जेट. तर आजोबांनी मुखवटा उलटा केला, आत बोट फिरवलं, मागच्या नाडीची भोकं बघितली आणि परत माझ्या हातात दिला. आतून कोरा करकरीत. घामाचा एक डाग नाही, भोकं ताणलेली नाहीत. फसवलं गेलो याचा राग आला, येणारच, पण घरी येताना ट्रेनमध्ये दुसरंच डोक्यात आलं की मला नक्की हवं काय होतं? दुसऱ्या माणसाच्या घामाचा डाग. तो असता तर मी खूश झालो असतो, आणि रक्ताचा असता तर अजून पैसे दिले असते का? दिले असते बहुतेक.

आणि मग मला शिबाताचा टॉवेल आठवला. ९ एप्रिल २०१७, रिओगोकू कोकुगिकान म्हणजे इथलं सुमोचं मोठं सभागृह, ओकादा विरुद्ध कात्सुयोरी शिबाता. मी दारातच शिबाताचा टॉवेल घेतला आणि गळ्यात घालून बसलो. सामन्यात शिबाताने ओकादाला डोक्याने अशी टक्कर दिली की कवटीवर कवटी आपटल्याचा आवाज वरपर्यंत आला आणि शिबाताच्याच कपाळावरनं रक्ताची एक बारीक धार खाली उतरली. आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो, मीपण, टॉवेल दोन्ही हातांनी वर धरून. सामना हरून तो चालत आत गेला आणि तिथे कोसळला, मेंदूत रक्तस्राव, त्याच रात्री ऑपरेशन. वाचला, पुढे काही वर्षांनी परत रिंगणातही उतरला. पण त्या दिवशी मी ज्याला टाळ्या वाजवल्या ते हे होतं. टॉवेल मी धुतलेला नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

लेखात लिहिल्याप्रमाणे भाव म्हणाल तर तो असल्याच वस्तूंना येतो. मिसावा नावाचा पैलवान २००९ च्या जूनमध्ये हिरोशिमाला रिंगणातच गेला, बॅकड्रॉप म्हणजे उचलून मागे आपटायचा डाव बसला आणि मान गेली, वय ४६, स्वतःच्या कंपनीचा मालक असून रोज आपटून घेत होता. त्याच्या हिरव्या रंगाच्या वस्तू बघायला गेलो की लोक किंमत सांगताना आवाज खाली आणतात. माणूस गेला की वस्तू चढते, ही तुमची गुंतवणूक.

पण सगळंच असं काळं आहे असंही म्हणणार नाही मी. योशिहिरो ताकायामा म्हणून एक धिप्पाड माणूस, २०१७ च्या मे महिन्यात एका साध्या डावात मान खाली आली आणि मानेखालचं अंग लुळं पडलं. त्याच्या उपचारासाठी मित्रांनी 'ताकायामानिया' काढलं, टी-शर्ट विकून, सामने भरवून पैसे उभे केले. माझ्याकडे त्यांचा एक टी-शर्ट आहे, ३१ मधला तेवढा एकच असेल की जो घेताना मनात काही किंतु आला नाही. ३ सप्टेंबर २०२४ ला कोराकुएनमध्ये त्यांचा कार्यक्रम होता, मी मागे उभा होतो. ताकायामाला व्हीलचेअरवरून रिंगणात आणलं, आणि समोर मिनोरु सुझुकी, त्याचा जुना दोस्त आणि जुना दुश्मन. चक्क घंटा वाजवली. सुझुकी त्याला ऊठ म्हणून ओरडत होता. ऊठ, उभा राहा. आणि रडत होता. हा सुझुकी म्हणजे दिसायला असा की लहान पोरं बघून आईच्या मागे जातील. कुणी मला पुन्हा "खोटं आहे रे" म्हणालं तर मी वाद घालत नाही, मला फक्त ती दोन-तीन मिनिटं आठवतात.

माझं आता असं झालंय की नवीन काही घ्यायचंच तर लहान कंपन्यांच्या सामन्यांना जातो, तिथे टेबलामागे पैलवान स्वतः उभा असतो, अंगावर सामन्याचे वळ, कोपराला बर्फाची पिशवी, आणि त्याच हाताने फोटोवर सही करून वाकून दोन्ही हातांनी देतो. पैसे थेट त्याच्यासमोर टाकतो, निदान कुणाला देतोय ते तोंड तरी दिसतं. सुझुकीचं हाराजुकूत स्वतःचं दुकान होतं, मी गेलो तेव्हा तो स्वतः गल्ल्यावर, माझा टी-शर्ट नीट घडी घालून पिशवीत भरला त्याने. शर्टाची घडी माझ्यापेक्षा चांगली घालतो, बायकोने ते ऐकून मला महिनाभर पिडलं. पुन्हा विकणाऱ्या साइटींवर मात्र जात नाही. म्हणजे जात नाही असं ठरवलंय, रात्री झोप लागत नसली की बघतो, खोटं कशाला बोलू.

४ जानेवारी २०२६ ला न्यू जपानचा पैलवान तानाहाशी निवृत्त झाला, टोकियो डोममध्ये, त्या सामन्यासाठी परत आलेल्या ओकादाच्याच विरुद्ध. सकाळपासून वस्तूंच्या रांगेत उभे राहिलेले लोक, थंडी अशी की चहाची गरम बाटली दोन्ही हातांत धरून माणसं पुढे सरकतायत, त्यात मीपण. मी मुकाट्याने टॉवेल घेतला, शिवाय एक टी-शर्ट. त्या क्षणाला माझे सगळे वरचे विचार कुठे गेले होते देव जाणे. संध्याकाळी तो रिंगणात आला तेव्हा गुडघे वाकत नव्हते त्याचे, चालण्यावरनं कळत होतं, आणि आम्ही हजारो माणसं तोच टॉवेल वर धरून.

तर संपादक साहेब, आईला मी आजच फोन करून सांगितलं की यातलं काही विकायचं नाहीये. टी-शर्ट गावच्या तालमीतल्या पोरांना देणार, ताकायामाचा सोडून. सगळे एल साइज आहेत, त्यांना दंडात घट्टच होतील पण घालून फाडू देत. साप्ताहिकं इथल्याच एका शाळकरी पोराला दिली, त्याला वाचता तरी येतात. मुखवटा, तो फसवणुकीचा, मुलगी घालून घरभर पळते, शिंग एक तुटलंय. शिबाताचा टॉवेल अजून कुठल्याच ढिगात टाकलेला नाही, खुर्चीच्या पाठीवर लटकतोय. विमान शनिवारचं आहे.

पत्र छापलंत तर कळवा, आई कात्रण काढून ठेवेल. तिच्याकडे आमच्या शाळेच्या गॅदरिंगपासूनची आहेत.

आपला,
एक वाचक, निशिकासाई, टोकियो