कुंडीच्या बुडाचं बूच

मिसिसागा,
२८ जून

प्रिय बापू,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. माझ्या पट्ट्यातून निचऱ्याचा पाइप न्यायला संमती मागणारं तुझं पाकीट जानेवारीत आलं आणि जून संपायला आला. काम होतं, पाहुणे होते असलं काही सांगत नाही. मला राग आला होता. कशाचा ते पुढे येईल.

हे कागदावर लिहितोय, कारण तुझा मोबाइल घरभर फिरतो, आणि यातलं एक वाक्य जरी सूनबाईंच्या नजरेस पडलं तरी गावात माझं नाव होईल. वाचून झालं की बंबात घाल.

तब्येत बरी. साखर आहे तिथंच, उजवा गुडघा पावसाचा अंदाज सांगतो. झालं.

तर बापू, मी गांजा लावलाय.

हसून घे. इथे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायद्यानं चालतं. चार रोपं, तीही माणशी नव्हे, घरटी. शेजारच्या क्वेबेकात तेवढीही नाहीत. बियाणं सरकारमान्य दुकानातून आणलं. आत शिरताना एकोणीस पूर्ण झाल्याचं ओळखपत्र बघतात, माझं टक्कल बघून त्या पोरीनं हात खिशाकडेही जाऊ दिला नाही. तू मात्र हुरळून जाऊ नकोस. तुमच्याकडे १९८५ चा कायदा आहे, उसाच्या सरीत एक रोप सापडलं तरी दहा वर्षांपर्यंत आत. ते वर्तमानपत्रात येणारे फोटो तूच मला पाठवतोस.

ओढायचा वगैरे बेत नाही. रंगपंचमीच्या त्या भांगेनंतर तू होस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला "मामंजी" म्हणत नमस्कार घालत होतास, त्या दिवशीच माझं पोट भरलं. खरं कारण रिकामपण. नोकरी सुटली, पोरगं व्हँकूवरला गेलं, आणि पस्तीस वर्षं विम्याच्या फायली हलवलेल्या माणसाला एकदम आठवलं की आपण बीएस्सी ॲग्री आहोत. कोल्हापूरची पदवी आहे, लेका. तुझ्यापेक्षा चार टक्के जास्त. (माझ्या वहीतली वाळवलेली पानं तू तुझ्या वहीत चिकटवली होतीस, ते मी अजून विसरलो नाही.)

एप्रिलअखेर बी लावलं. दुकानात चार सुंदर निळ्या कुंड्या दिसल्या, वीस वीस लिटरच्या. रोप बोटभर, कुंडी घागरीएवढी. इथे माती म्हणजे आपली माती नव्हे. पिशवीतून येते, पीट म्हणतात, दलदलीतलं जुनं कुजलेलं शेवाळ. वजनाला कापूस. ओलं झालं की आठवडाभर ओलंच, आणि एकदा कडकडीत वाळलं की पाणी आत घेत नाही, कडेकडेनं निघून जातं. मी सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. मुळं बशीएवढ्या जागेत, आणि मी पाजतोय अख्ख्या घागरीला. व्हिक्टोरिया डेच्या सुटीनंतर, थंडी गेली म्हणून, कुंड्या मागच्या अंगणात काढल्या. इथले लोक टोमॅटोसुद्धा तेव्हाच बाहेर लावतात.

आठवड्यात खालची पानं पिवळी. आणि सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. मी म्हटलं तहानलीत, आणखी पाणी. माना आणखी खाली. बापू, तहानलेलं पान कागदासारखं पातळ होऊन लोंबतं, आणि ही पानं जाड होती, फुगलेली, टोकं खाली वळलेली. हा फरक आपल्याला शिकवला होता. तू मागच्या बाकावर झोपायचास म्हणून मी तुला हसायचो, पण त्या तासाला मीही झोपलो असणार.

मग डोकं चालवलं. खालची पानं पिवळी म्हणजे नत्र! नत्र झाडात फिरतं, कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं. एवढं आठवलं आणि छाती फुगली. बाटलीवर झाकणभर लिहिलं होतं, मी दोन झाकणं घातली. चौथ्या दिवशी पानांची टोकं तांबडी, उदबत्तीनं डागल्यासारखी.

त्यानंतर वरची कोवळी पानं बिघडली. पान पिवळं, शिरा हिरव्या. आता तू खुर्चीत सरसावून बसला असशील. केवडा! उसावर येतो तसा स्वच्छ केवडा! लोह कमी, फवारा हिराकस. मी हिराकस शोधायला निघालोसुद्धा. अर्ध्या वाटेत मनात आलं, महिन्याभरात एकच रोप नत्रालाही कमी, लोहालाही कमी, आणि खतानं करपलेलंही, हे कसं? इतके रोग एकदम माणसाला होतात ते डॉक्टर बदलल्यावर. मातीत सगळं आहे, मुळंच उचलत नसतील तर?

मधल्या काळात चिलटं आली, बारीक काळी. ओलीतच वाढतात ती. घरच्या आघाडीवरही शांतता नव्हती. तुझी वहिनी कुंड्यांना "तुमच्या त्या सवती" म्हणते. वटपौर्णिमेला मंडळातल्या बायका येणार म्हणून तिनं चारी कुंड्यांवर जुनी चादर टाकली. वाऱ्यानं ती उडाली. एक विदर्भातल्या काकू जवळ गेल्या, पान बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "अगं, अंबाडी! किती वर्षांनी पाहिली. भाजी करतेस का?" हिचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी आतून ओरडलो, "अजून कोवळी आहे, काकू!" त्यांची तरी काय चूक, पान अगदी तसंच दिसतं. अंबाडीच्या शास्त्रीय नावातसुद्धा कॅनाबिनस आहे, हे एक मला बरोबर आठवलं. काकूंनी दोन जुड्या सांगून ठेवल्यात. काय करू?

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

मागच्या शनिवारी एक रोप मेलं. तीन दिवस पाणी तोडलं होतं, वर हात लावला तर कोरडं, आणि तरी कुंडी उचलेना. दोन्ही हातांनी तिरकी केली, बुडाखाली पाहिलं. भोकंच नाहीत. म्हणजे जागा आहेत, चार गोल, पण प्लॅस्टिकची बुचं शाबूत. गिऱ्हाइकानं ती ठोकून काढायची असतात. खाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय, चित्रासकट. दोन महिने मी पाणी घालतोय आणि एक थेंब बाहेर गेलेला नाही.

पहार कुठली इथे, ड्रिल आणलं. बूच फुटलं आणि काळं पाणी पायावर आलं, आणि बापू, तो वास.

तुला सांगायला नकोच. नासक्या अंड्यासारखा, गोडसर, मळीच्या जवळचा. खालच्या पट्ट्यात, ओढ्याच्या अंगाला, आपण ऊस उपटला तेव्हा मुळाला येणारा तो वास. मुळं काळी, बोटांत धरली की साल निघून यायची. मी अंगणात ओल्या चपलांत उभा, ही दारातून विचारतेय "काय झालं हो?", आणि तिला काय सांगू? तिनं ते रान मिठानं पांढरं झाल्यावर पाहिलंय, आधी नाही.

तू पत्रात लिहिलं होतंस, "अण्णांच्या पाण्यानं रान मेलं." त्याचा मला राग आला होता. पाइपाचा नाही. मला वाटलं, माझे वडील, अण्णा, रात्री दोनला कंदील घेऊन दारं धरायला जायचे, थंडीत गुडघाभर पाण्यात, आणि हा त्यांच्यामागं असं लिहितो. तू त्यांच्या तोंडावरही म्हणाला होतास, गणपतीत, ओसरीवर. "अण्णा, झाडाला पाणी नको असतं, वाफसा हवा असतो, मातीत ओलही आणि हवाही." सरांचं वाक्य, सरांच्याच आवाजात. अण्णा म्हणाले, "तुझ्या बापाला शिकव." मी त्यांची बाजू घेतली आणि तू चहा न पिता उठलास. त्या वर्षीचे मोदकही तू खाल्ले नाहीस, म्हणजे राग खरा होता.

अजूनही मी सगळं त्यांच्या माथी मारणार नाही. पाणीपट्टी एकरी होती, मोजून नव्हे. पाळी आली की कोण दार लवकर मोडेल? खालच्या पट्ट्यात पाणी येत गेलं, जायला वाट नव्हती, उन्हानं ओल वर ओढली आणि मीठ वर राहिलं. बुडाला बूच होतं. पण वाक्य तुझं खरं होतं आणि मी पाच महिने गप्प बसलो. सहाव्याला इथवर आलोय.

तर ऐक. निचऱ्याचा पाइप माझ्या पट्ट्यातून ओढ्यापर्यंत ने. चार फूट खोल जाणार म्हणालास, खुशाल जा. बांधावरचा आंबा वाचला तर बघ, नाही वाचला तर राहू दे. संमतीपत्राचा मसुदा तलाठ्याला दाखवून पाठव. टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकन करून आणतो, म्हणजे तिथं कुणी खोड काढणार नाही. आणि माझ्या पट्ट्यातही तेवढ्यातच भोकाचे पाइप टाकता आले तर माझा वाटा किती, तो आकडा लिही. माझं रान पडीक आहे म्हणून फुकटात उरकू नकोस, ओळखतो तुला.

तीन रोपं आहेत. चारी कुंड्यांना भोकं पाडली, आता उचलून वजन बघतो, हलकी लागली तरच पाणी, आणि घातलं की खालून निथळेपर्यंत. चिलटं कमी झालीत. पिवळी झालेली पानं काही हिरवी व्हायची नाहीत, ती खुडली. काल मधल्या रोपाला एक पान फुटलंय, नखाएवढं, हिरवं. दुसरं अजून केवड्यासारखंच दिसतंय.

ताईचं लग्न ठरलं हे वहिनीकडून कळलं, मुलगा साखर कारखान्यात आहे म्हणे, फार छान. तुझा मुतखडा पडला का? काकूंना नमस्कार, त्यांची बोअर चालली का तेही कळव.

पाइपाचं लवकर लिही. पण त्याआधी फोनवर एवढंच सांग: वाफसा आल्यावर केवडा आपोआप जातो, की हिराकस लागतंच? सूनबाई जवळ असल्या तर "अंबाडीला" म्हण, मला कळेल.

तुझा,
पैलवान