वकीलपत्र घेऊ नका, असं म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटच्या मुलाला मारहाण केल्याचा आरोप असलेल्या आईबापांचं वकीलपत्र एकाही वकिलाने घेऊ नये, अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र आपल्या दैनिकात वाचलं. त्यांचा संताप मला परका नाही. मी २३ वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. चटके बसलेले तळवे, कानामागचे वळ, पट्ट्याच्या बक्कलचा पाठीवर उमटलेला ठसा, हे सगळं मी स्वतः धुतलंय, पुसलंय, त्याला मलम लावलंय. माणूस जवळ आला की रडण्याऐवजी अंग चोरून गप्प पडून राहणारी मुलं अजून डोळ्यांसमोर येतात. अशा वेळी वरिष्ठांना कळवणारी बहुतेकदा मीच असायचे. तरीही त्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. बचाव पक्षाच्या एका वकीलबाईंनी माझी उलटतपासणी घेतली, त्या दिवसापासून आहे.

सात महिन्यांचं बाळ होतं. डाव्या मांडीचं हाड मोडलेलं. घरात त्या वेळी फक्त वडील. लंगोट बदलायला पाय उचलला आणि काडी मोडल्यासारखा आवाज आला, एवढंच ते सांगत होते. ज्याला अजून उभंही राहता येत नाही त्याच्या मांडीचं हाड मोडलं, की आधी मारहाणीची शंका घ्यायची, असं आम्हाला शिकवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मार खाल्लेल्या मुलांच्या लक्षणांवर लेख लिहिला, तेव्हा कुठे डॉक्टरमंडळी अशा हाडांकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. त्याआधी ‘पडलं’ म्हटलं की पडलंच. कित्येक मुलं त्याच घरी परत जायची. म्हणून त्या रात्री कळवलं, याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मी केसपेपरवर जे लिहिलं त्याचं.

माझी रात्रपाळी होती. बाळाचे दोन्ही पाय ट्रॅक्शनला, म्हणजे हाड सरळ राहावं म्हणून वजनं बांधून, वर टांगलेले, ढुंगण गादीपासून जेमतेम बोटभर वर. वडील कॉटपासून चार हात लांब, भिंतीला टेकून. मी टॉर्च मारून बाळाचे डोळे बघितले. डोळ्यातला पांढरा भाग निळसर होता, दुधात निळीचा थेंब पडावा तसा. किती गोड डोळे आहेत, असं मनात आलं आणि मी पुढच्या कॉटकडे वळले. सकाळी नोंद केली: ‘वडिलांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत नाही. बाळाजवळ जात नाहीत. दुखापतीचं सांगितलेलं कारण समाधानकारक वाटत नाही.’

या तीन ओळी पोलिसांच्या कागदांत गेल्या, तिथून आरोपपत्रात. वडिलांना अटक झाली, बाळ बरं झाल्यावर एका संस्थेत गेलं. दहा महिन्यांनी मला साक्षीला बोलावलं.

वकीलबाईंनी आवाज एकदाही चढवला नाही.

‘सिस्टर, ही नोंद किती वाजता लिहिलीत?’

‘सकाळी सहाला.’

‘वडील भिंतीपाशी उभे होते, ते कधी पाहिलंत?’

‘रात्री साडेअकराच्या सुमारास.’

‘मधल्या वेळात वॉर्डात कोण आलं होतं?’

‘पोलीस.’

‘म्हणजे वडिलांवर संशय आहे, हे नोंद लिहिताना तुम्हाला माहीत होतं.’

‘हो.’

‘ते बाळाजवळ जात नव्हते, असं लिहिलंय. जाऊ नका, असं त्यांना कुणी सांगितलं होतं का?’

तोपर्यंत मला खरंच आठवलं नव्हतं. मीच सांगितलं होतं. वजनं हलतील म्हणून ‘हात लावू नका, लांब उभे राहा’ असं मीच दटावलं होतं.

‘रात्रीत ते तुमच्याशी काही बोलले?’

‘बाळाला दुखत असेल का, औषध दिलं का, असं विचारत होते.’

‘किती वेळा?’

‘तीन-चारदा.’

‘ते कुठे लिहिलंय?’

मी केसपेपर उलटसुलट करून बघितला. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी डोळ्यांचा रंग विचारला. मी निळसर सांगितला, पण त्या तो का विचारत आहेत हे तेव्हा कळलं नाही. त्यांनी एक्स-रेच्या रिपोर्टवर भागवलं नव्हतं. मूळ फिल्म मागवून दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवल्या होत्या. हाडं विरळ दिसत होती आणि कवटीच्या सांध्यांत बारीक जादा हाडं होती. पुढे जनुकीय तपासणी झाली. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला असतो. हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजन नावाचं प्रथिनच त्यात सदोष किंवा कमी असतं, म्हणून लंगोट बदलतानासुद्धा हाड मोडू शकतं. वकीलबाईंनी संस्थेचे कागदही मागवले होते. तिथे असताना झबलं घालताना बाळाचा दंड मोडला होता. त्याबद्दल तिथल्या बाईंवर कुणी संशय घेतला नव्हता, आणि ती नोंद सरकारी वकिलांपर्यंत पोचलीही नव्हती.

इथे एक सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या पत्राचा भलता अर्थ निघेल. निळसर डोळे म्हणजे हा आजारच असं नाही. तान्ह्या बाळांत तशी झाक आजाराशिवायही दिसते. आणि ज्याची हाडं ठिसूळ आहेत त्या मुलाला कुणी मारणारच नाही, असंही नाही. म्हणूनच हे कुणीतरी चिकाटीने तपासावं लागतं. डॉक्टरांना वेळ नव्हता, पोलिसांना गरज वाटली नाही, माझं मत आधीच झालेलं होतं. शेवटी तपासलं ते एकट्या वकीलबाईंनी. त्यांनीही ‘कसं घेऊ असलं वकीलपत्र?’ म्हटलं असतं तर? वडील निर्दोष सुटले, तोवर बाळ दीड वर्षाचं होऊन गेलं होतं. पहिल्या भेटीत ते त्यांच्याकडे गेलं नाही, संस्थेतल्या बाईंच्या खांद्यात तोंड खुपसून बसलं, असं मी नंतर ऐकलं.

आता पत्रलेखक म्हणतील, हा एखादाच अपवाद, बाकीचे दोषीच असतात. मग दोषींचंच सांगते. चार वर्षांच्या एका मुलीच्या पोटरीवर सिगारेटच्या चटक्यांच्या गोल खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. तिथेही मी साक्ष दिली. बचावाच्या वकिलांनी प्रत्येक खूण त्वचारोगाची असू शकते का, हे सगळ्यांकडून घासून घेतलं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. पण बापाला शिक्षा झाली ती अपिलातही टिकली, कारण विचारण्यासारखं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. याउलट दुसऱ्या एका प्रकरणात आरोपी आईला दिलेला वकील सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा फाइल उघडत होता. त्याने एकाही साक्षीदाराला धड प्रश्न विचारला नाही. तेव्हा ते आम्हाला सोयीचंच वाटलं. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला, आणि विसरायला लागलेलं ते सगळं त्या नऊ वर्षांच्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. साक्षीच्या आदल्या रात्री त्याने पुन्हा अंथरूण ओलं केलं. आरोपीचा बचाव नीट झाला नाही, तर त्याची किंमत अशी मुलाकडून वसूल होते.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांचं प्रकरण अनेकांना माहीत असेल. त्या स्वतः वकील होत्या. त्यांची दोन तान्ही मुलं, एक १९९६ साली आणि दुसरं १९९८ साली, अचानक दगावली. आईनेच मारलं असं ठरवून १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं होतं, की अशा घरात असा मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन होण्याची ७ कोटी ३० लाखांत एक. त्यांनी आकड्याला आकड्याने गुणलं होतं. पण एकाच घरातली, एकाच आईबापांची मुलं; एकाला जे आजारपण किंवा आनुवंशिक दोष असेल ते दुसऱ्यालाही असू शकतं, मग गुणाकार कसा चालेल? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये जाहीरपणे ही चूक दाखवून दिली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग असल्याचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते. ते हाती आल्यावर २००३ मध्ये त्या सुटल्या. चार वर्षांनी वारल्या. अहवाल शोधत राहणारी माणसं नसती तर त्या तुरुंगातच राहिल्या असत्या.

आरोपीला वकील मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही. १९६६ च्या आंतरराष्ट्रीय नागरी व राजकीय हक्क करारात, कलम १४ मध्ये, दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानलं जाण्याचा आणि पैसे नसतील तर फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. हवाना इथे १९९० मध्ये मान्य झालेल्या वकिलांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांत तर सरळ म्हटलंय, की वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या बाजूशी एकरूप समजू नये. बालहक्कांच्या १९८९ च्या करारातलं कलम १९ मुलाला मारहाणीपासून संरक्षण देतं, आणि त्याच करारातलं कलम ९ सांगतं की मुलाला आईबापांपासून वेगळं करायचं तर त्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. दोन्ही कलमं मुलासाठीच लिहिलेली आहेत. हे मला नोकरीत कुणी सांगितलं नाही, निवृत्त झाल्यावर वाचून कळलं.

हे पत्र असा आरोप झालेल्या एखाद्या घरातही वाचलं जाईल, म्हणून पिंजऱ्यातून जे बघितलं तेवढं सांगते. पहिल्या दिवसापासून वकील हवा. ‘माझं काही चुकलेलं नाही, मग वकील कशाला’ म्हणून आईबाप घाबरून, झोपेविना, जो विचारेल त्याला उत्तरं देत सुटतात. एकदा ‘आदळलं असेल’, एकदा ‘ओढलं गेलं असेल’. आठवत नसताना केलेले हे अंदाज पुढे ‘आरोपी जबाब बदलतो’ म्हणून वाचून दाखवले जातात. आठवत नाही तर आठवत नाही म्हणावं. न वाचता सही करू नये. दुखापतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मूल कुणाकुणाकडे होतं, काय खाल्लं, कधी किरकिरलं, हे स्वतःच्या हाताने त्याच दिवशी लिहून वकिलाकडे द्यावं. रुग्णालयातून नुसता डिस्चार्ज कागद घेऊन थांबू नये. नर्सच्या हाताने लिहिलेल्या नोंदी आणि फिल्म मागाव्यात. मोबाइलमधलं काहीही पुसू नये. पुसलं की निर्दोष माणूसही संशयित दिसतो.

फौजदारी खटला आणि मुलाच्या ताब्याचं प्रकरण बहुतेक ठिकाणी वेगवेगळं चालतं आणि दोन्हीकडे पुराव्याची पट्टी वेगळी असते. खटल्यात सुटका झाली की मूल आपोआप घरी येईल, या समजुतीत लोक दुसरीकडच्या तारखा चुकवतात. नवरा-बायको दोघांवर संशय असेल तर दोघांना वेगळा वकील लागू शकतो, ते मनाला लावून घेऊ नये. आणि काहीही झालं तरी मुलाला ‘असं सांग, तसं सांग’ म्हणू नये. भेटीचे जे अर्धे तास मिळतात ते एकही न चुकवता जावं, आणि त्यात खटल्याविषयी चकार शब्द काढू नये, फक्त खेळावं. कोर्टाने भेट बंद केली असेल तर आजी-आत्यामार्फतही निरोप धाडू नये. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड असतं, आणि नेमकं तेच मोडल्याने जामीन गेलेले बाप मी पाहिले आहेत.

नर्सची नोकरी करणाऱ्या मुलींनाही सांगणं आहे. शंका आली की कळवा, एक मिनिट थांबू नका. पण केसपेपरवर जे दिसलं, जे ऐकलं तेच लिहा, माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहा, आणि वेळ बघितल्याची लिहा, लिहिल्याची नव्हे. त्या साक्षीनंतर मी तसंच लिहायला लागले. ‘वडील काळजीत नाहीत’ याऐवजी ‘२३.३० वा. वडील कॉटपासून लांब उभे. परिचारिकेने तसं सांगितलं आहे. बाळाला औषध दिलं का, असं विचारतात.’

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. आरोपाची बातमी पहिल्या पानावर आली असेल, तर निर्दोष सुटकेची बातमीही पहिल्याच पानावर यावी, आणि खटला संपेपर्यंत ‘नराधम’, ‘कैदाशीण’ हे शब्द मथळ्यात नसावेत. त्या वडिलांच्या सुटकेची बातमी मी बरेच दिवस शोधली. एकाही वर्तमानपत्रात आली नाही.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये. ते बाळ आता शाळेत जातं, आणि माझ्या नावावरून त्याच्या घरापर्यंत पोचणं कुणालाही जमेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका